गिरणीत राबलेल्या आजा-पणज्यांचा माग कसा काढायचा? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कुलवृत्तांत छापलेली घराणी वेगळी, त्यांच्याकडे सनदा असतात, इनामाचे कागद असतात, कोणीतरी मूळपुरुषापासून सगळं मांडून ठेवलेलं असतं. आपल्यासारख्यांचं काय? म्हणजे ज्यांचा आजा नाहीतर पणजा कोकणातून बोटीने किंवा घाटावरून चालत-रेल्वेने मुंबईला आला, गिरणीत लागला, एका खोलीत पंधरा जणांबरोबर राहिला आणि शेवटी गावी जाऊन वारला. अशा माणसाचं कुठे काही लिहिलेलं नसणार असं आपण धरूनच चालतो. पण ते तसं नाहीये. गरीब माणसाचं नाव सारखं कुठे ना कुठे लिहिलं जात होतं, कारण एकतर त्याच्याकडून काहीतरी वसूल करायचं होतं नाहीतर त्याला काहीतरी द्यायचं होतं. हजेरी, पगार, फंड, खोलीभाडं, युनियनची वर्गणी, घरपट्टी, सारा. शोधायचं ते तिथे.

मी प्रामुख्याने गिरणगावाबद्दल लिहितोय, लालबाग-परळ-वरळी-शिवडी, कारण माझं घर तिथलं आणि ही कागदपत्रं माझ्या हाताखालून गेलीत. पण तुमचा आजा गोदीत असो, रेल्वेत असो की म्युन्सिपालटीत, रस्ता साधारण हाच.

पहिली पायरी : माळा आणि भांडी

इंटरनेटवर जायच्या आधी माळ्यावर चढा. पत्र्याची ट्रंक, गोदरेजच्या कपाटातली प्लास्टिकची पिशवी, देवाच्या फोटोमागे खोचलेले कागद, सगळं बघा. आणि पितळेची-तांब्याची भांडी उलटीपालटी करून बघा, हे लोक हमखास विसरतात. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती आणि त्यात नुसतं नाव नसतं, तारीख असते, निमित्त असतं, देणाऱ्याचं नाव असतं. आमच्याकडे एक हंडा आहे, त्याच्या गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय की हा अमक्याच्या लग्नात साचेखात्यातल्या (म्हणजे मागांच्या, विणकामाच्या खात्यातल्या) मंडळींकडून भेट, खाली तारीख. एका हंड्यावरून तीन गोष्टी कळल्या, लग्न कोणत्या साली झालं, तेव्हा तो माणूस कोणत्या खात्यात होता आणि त्याची उठबस कोणाबरोबर होती. असे लेख झिजतात, म्हणून तिरक्या उजेडात फोटो काढा, लिहिलेलं सगळं जसंच्या तसं उतरवून घ्या, शुद्धलेखन सुधारू नका.

मनीऑर्डरच्या पावत्या आणि कुपनं मिळाली तर ती जपा. ही पद्धत १८८० पासूनची, आणि गिरणगावातून कोकणात जो पैसा जायचा तो बराचसा याच मार्गाने. कुपनावर दोन ओळींची जागा असायची, त्यात माणूस सगळा संसार कोंबायचा, कौलं शाकारून घे, म्हातारीला डॉक्टरला दाखव, शिमग्याला येतो. पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, म्हणजे त्या महिन्यात तो कोणत्या चाळीत होता ते कळतं. शिक्क्यावरून पोस्ट ऑफिस आणि तारीख कळते. चार-पाच वर्षांची कुपनं असतील तर एका माणसाने किती खोल्या बदलल्या तेही लागतं.

लग्नपत्रिका, फोटोमागचा स्टुडिओचा शिक्का, दवाखान्याचे केसपेपर, रेशनकार्ड. काहीही रद्दीत घालू नका. आत्ता चाळी रिकाम्या होतायत, बीडीडी चाळींतले लोक टॉवरमध्ये जातायत, आणि नवीन घरात जाताना पहिली भंगारात जाते ती हीच ट्रंक. ज्यांच्या घरी शिफ्टिंग चाललंय त्यांनी बाकीचं सगळं नंतर करा, हे आधी करा.

दुसरी पायरी : म्हाताऱ्या माणसांना विचारणं

हे पुढे ढकलायचं नाही. आणि नुसतं "आजोबांचा जन्म कधीचा" असं विचाराल तर उत्तर मिळणार नाही, कारण त्या पिढीला तारखा माहीतच नव्हत्या, शाळेत मास्तरांनी १ जून टाकून दिला की झालं. कागदावर १ जून दिसला तर ती जन्मतारीख म्हणून मान्य करू नका, फक्त साल अंदाजाने घ्या.

विचारायचं ते प्रसंगावरून. तुम्ही केवढ्या होतात जेव्हा गोदीत स्फोट झाला (तो १४ एप्रिल १९४४). रामदास बोट बुडाली तेव्हा घरातलं कोण मुंबईत होतं (१७ जुलै १९४७). पानशेत फुटलं ते १९६१, कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७, मोठा दुष्काळ ७२ चा, आणि गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ पासून. थोरला काका संपाच्या वेळी कितवीत होता, एवढ्यावरून अख्ख्या घराची वयं लावता येतात. आणखी मागे जायचं तर १८९६ चा प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. एखाद्या घरात त्या सुमारास एकदम चार नावं थांबतात, किंवा माणूस मुंबईतून अचानक गावी परत गेलेला दिसतो, तेव्हा हे डोक्यात ठेवा.

पुढचे प्रश्न हे, आणि मला हे तारखांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात. मुंबईला त्याला कोणी आणलं? बहुतेक वेळा गावचाच किंवा भावकीतला कोणीतरी आधी गेलेला असायचा, आणि नोकरी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, ओळखीने लागायची. पहिल्या रात्री कुठे झोपला? खानावळ कोणाची होती? पाळी कोणती होती? कायम होता की बदलीत, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर? गावी वर्षातून किती वेळा यायचा, बोटीने कुठल्या बंदरात उतरायचा? दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, बंदराचं नाव कळलं तर गाव कोणत्या पट्ट्यातलं तेही पक्कं होतं.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. एकाच वेळी सगळं विचारू नका, माणूस थकतो. दोघी जावांना एकत्र बसवलंत तर एकीची आठवण दुसरी दुरुस्त करते, तेव्हा खरी माहिती निघते. आणि काही गोष्टी त्या सांगणार नाहीत, मुंबईतलं दुसरं घर, क्षयाने वारलेला दीर, टाकून दिलेली बायको. तिथे रेटू नका. कधीतरी आपणहून सांगतील, आणि सांगितलं तरी ते सगळ्यांसाठी नसतं.

तिसरी पायरी : नाव नीट समजून घ्या

इथे बहुतेक जण अडकतात. आज आपण आडनावाने शोधतो, पण गिरणीच्या जुन्या कागदांवर कित्येकदा फक्त स्वतःचं नाव आणि बापाचं नाव असतं, म्हणजे धोंडू राघो, विठू बाळा असं. आडनाव नंतर लागलं, कधी गावावरून, कधी शाळेत मास्तरांनी लावलं, आणि सख्ख्या भावांची आडनावं वेगळी असणं अजिबात दुर्मिळ नाही. त्यातून इंग्रजी लिहिणारा कारकून जसं ऐकेल तसं लिहिणार. म्हणून एक वही घ्या आणि त्यात प्रत्येक माणसाच्या नावाची जेवढी रूपं सापडतील तेवढी लिहा, घरी हाक मारायचं नावसुद्धा.

बौद्ध कुटुंबांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या, म्हणजे धर्मांतराच्या, आधीचे आणि नंतरचे कागद वेगवेगळे धरून शोधावेत, कारण धर्म-जातीची नोंद बदलते आणि पुष्कळांनी आडनावंही बदलली. रीतसर बदलली असतील तर सरकारी राजपत्रात जाहिरात असते आणि तिच्यात जुनं-नवं दोन्ही नाव शेजारी-शेजारी मिळतं. आणखी एक, गिरणीत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात धागा भरताना तो तोंडाने ओढायला लागायचा म्हणून बाकीच्यांचा विटाळाचा आक्षेप, आणि त्या खात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. त्यामुळे त्या काळातला तुमचा पणजा साच्यावर होता की कताईत, यामागे त्याची आवड किंवा कसब नव्हतं, जात होती. हे लिहून ठेवलंच पाहिजे.

चौथी पायरी : गिरणीचे कागद

सगळ्यात आधी घरात एक प्रश्न विचारा, म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी कोणी फॉर्म भरला होता का? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांसाठी ती योजना, कामगार गेला असेल तर वारसांनी भरलाय. भरला असेल तर कुठल्यातरी काकाच्या घरी एक जाडजूड फाईल असणार आणि तुमचं निम्मं काम तिथेच झालं. त्यात गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, पगाराची पावती, फंडाचा नंबर, ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, यातलं काही ना काही मिळतंच.

तिकीट नंबर सापडला की तो पहिल्या पानावर लिहा. गिरणीला माणूस नावाने माहीत नव्हता, नंबराने माहीत होता. एका खात्यात चार विठू असायचे, नंबर एकाचाच.

ईएसआयचं कार्ड मिळालं तर त्यावरची कुटुंबाची यादी बघा, बायको-मुलांची नावं आणि वयं असतात, आणि लहानपणी गेलेलं एखादं मूलही तिथे भेटतं ज्याचं नाव घरात कोणी घेत नाही. फंडाच्या कागदावर नॉमिनी कोण ते बघा. लग्न व्हायच्या आधी आई, नंतर बायको, यावरून लग्नाचं सालही अंदाजाने लागतं.

गिरणीचं नाव मात्र तपासून घ्या. मालक बदलले, नावं बदलली, आणि लोकांच्या तोंडी तिसरंच नाव. जेकब ससून गिरणी पुढे इंडिया युनायटेड नंबर १ झाली. दादरच्या चैत्यभूमीजवळची जिला सगळे इंदू मिल म्हणतात ती कागदावर इंडिया युनायटेड मिल नंबर ६. म्हणजे आजी म्हणते तो ससून मिलमध्ये होता आणि पगारपत्रक सांगतं इंडिया युनायटेड, तर दोन्ही खरं असू शकतं.

कागद घरात नसतील तर गिरणी कोणाकडे गेली ते शोधा. ज्या गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे आल्या, तिथे माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो. अर्जात "माझ्या आजोबांची सर्व माहिती द्या" असं लिहू नका, तिकीट नंबर, खातं, अंदाजे वर्षं आणि कोणता कागद हवा ते नेमकं लिहा. खाजगी गिरणी अवसायनात, म्हणजे दिवाळ्यात, निघाली असेल तर दप्तर हायकोर्टाच्या अधिकृत अवसायकाकडे गेलेलं असू शकतं. परळच्या मजदूर मंझिलमध्ये राष्ट्रीय मिल मजदूर संघाचं ऑफिस आहे, तिथेही विचारा. गिरणी कामगारांची मान्यताप्राप्त युनियन तीच होती, त्यामुळे वर्गणी भरलेली असण्याची शक्यता बरीच, मग माणूस मनाने लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्ट युनियनचा, असो की ८२ च्या संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांचा.

पाचवी पायरी : चाळ आणि गावमंडळ

भाडेपावत्या, जुनं रेशनकार्ड, मतदार यादी हे तर बघाच, पण खरा खजिना गावमंडळाचा. कोकणातल्या बहुतेक गावांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ होतं, काहींची स्वतःची खोली होती, नवीन आलेला पोरगा पहिला तिथे टेकायचा. मंडळाकडे वर्गणीच्या वह्या, पावतीपुस्तकं, सभेची इतिवृत्तं असतात, कोणीतरी जुन्या सेक्रेटरीच्या घरी पडलेली. कोणी किती आणे दिले, कोणाची वर्गणी थकली, कोणाच्या प्रेताला मंडळाने खर्च केला, हे सगळं त्यात असतं. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका निघाली असेल तर मिळवा, जाहिरातींची पानंसुद्धा वाचा. गणेशोत्सव मंडळांचंही तेच, चिंचपोकळीचं १९२० चं, गणेश गल्लीचं १९२८ चं, लालबागचं १९३४ चं, आणि गल्लोगल्ली शेकडो लहान मंडळं, ज्यांच्या कार्यकारिणीच्या फोटोत तुमचा आजा मागच्या रांगेत उभा असेल.

मुंबईतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला. लालबाग-परळ-शिवडी एफ साऊथ, वरळी-एल्फिन्स्टन जी साऊथ, भायखळा ई वॉर्ड. जुन्या मृत्यूनोंदीत पत्ता, वय आणि आजार लिहिलेला मिळू शकतो.

पण इथे थांबून विचार करा, आपला माणूस मुंबईत जन्मला-मेला होता का? पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे थोरल्या पोराचा जन्म आईच्या माहेरच्या गावी नोंदलेला. आणि आजारी पडला की कामगार गावी जायचा, म्हणजे मृत्यूही गावी. मुंबईत महिनाभर हेलपाटे मारून नोंद मिळत नाही ती यामुळेच.

सहावी पायरी : गाव

गावी तीन ठिकाणं. पहिली शाळा. जनरल रजिस्टरचा उतारा मागा, त्यात नाव, जात, जन्मगाव, शाळेत आला कधी आणि सोडली कधी. शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना जरूर वाचा.

दुसरं तहसील. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी. बऱ्याच मोडीत आहेत, मोडी वाचणारे लोक पैसे घेऊन वाचून देतात, आणि पाच-सहा नोंदी बघून बघून आपल्यालाही नाव ओळखण्यापुरती मोडी यायला लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांनी जुनी रजिस्टरं धुंडाळली आणि सापडलेल्या नोंदींच्या स्कॅन कॉप्या जिल्ह्याच्या वेबसाईटवर टाकल्या. तुम्ही कुणबी नसलात तरी गावाचं पान उघडून बघा, स्कॅन केलेल्या त्याच पानावर शेजारच्या घरांच्याही नोंदी असतात.

तिसरं तलाठी आणि भूमी अभिलेख. नुसता सातबारा घेऊन येऊ नका, त्यावर गोल केलेले जे फेरफार नंबर (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे) असतात ते सगळे काढा. वारस नोंदीचा फेरफार म्हणजे एका दिवसात तयार वंशावळ, मयत कोण, कधी वारला, मुलगे किती, लग्न झालेल्या मुली सासरच्या नावासकट, कोण मुंबईला राहतो. "आपले अभिलेख" या सरकारी साईटवर बऱ्याच तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेत, थोडी फी भरून डाउनलोड होतात. कोकणात खोती होती, म्हणजे गावाचा सारा खोत गोळा करायचा, ती १९४९ च्या कायद्याने गेली, त्यामुळे त्याआधी तुमचा पणजा बहुधा मालक म्हणून दिसणार नाही, खोताचं कूळ म्हणून दिसेल. कुळकायद्याच्या नोंदी, १ एप्रिल १९५७ च्या (कुळं मालक झाली त्या दिवसाच्या) आसपासच्या, मुद्दाम बघा. महार वतनाची जमीन असेल तर हाडकी-हाडोळा असा उल्लेख शोधा. जमीनच नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीचा, घर नंबरासकट.

देवळातला देणगीदारांचा फलक आणि शाळेच्या खोलीवरची फरशी यांचे फोटो काढा. मुंबईकर मंडळींनी बांधलेल्या असतात त्या.

बायकांचा माग

याला मी मुद्दाम वेगळी जागा देतो कारण वंशावळीत बायका गळतात. एक तर लग्नात नाव बदललं, आडनावाबरोबर पहिलंही, म्हणजे माहेरची कृष्णा सासरी सरस्वती. म्हणून प्रत्येक बाईसमोर माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि भावाचं नाव, तिन्ही लिहा. माहेर लागलं की तिचा जन्म लागतो.

दुसरं, बायका नुसत्या गावी नव्हत्या. १९२०-३० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, बहुतेक वायंडिंग आणि रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या, खात्यात. पुढे ते कमी होत गेलं. घरात "आजी कामाला नव्हती" असं सांगतात, पण तिने खोलीवर दहा माणसांचे डबे केले, त्यांच्याकडून महिन्याचे पैसे घेतले, ते काम नव्हे तर काय? खानावळीचे हिशेब कुठल्या सरकारी दप्तरात मिळणार नाहीत. तिच्याकडे जेवलेल्या माणसांची घरं शोधा, गावमंडळातून ती सापडतात, आणि त्यांना तिचं नाव, तिच्या हातचं कालवण, तिचा दरारा सगळं आठवत असतं.

समुद्रापार गेलेले

कोणाचा पूर्वज "बेटावर गेला" असं ऐकिवात असेल तर मॉरिशसचा विचार करा. उसाच्या मळ्यांवर कराराने गेलेल्यांत रत्नागिरी आणि आसपासचे बरेच होते, मुंबई बंदरातून गेलेले, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळची इमिग्रेशनची रजिस्टरं आहेत. प्रत्येकाला नंबर दिलेला, सोबत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, आणि १८६० नंतरच्या अनेकांचे फोटोसुद्धा. मात्र गावाचं नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असतं, तेव्हा मोठ्याने वाचून बघा आणि तालुक्याच्या गावांच्या यादीशी ताडा.

खलाशी होता तर घरात नल्ली, म्हणजे खलाशाचं नोकरीचं पुस्तक, शोधा, जहाजांची नावं आणि तारखा त्यातच असतात. युद्धात बुडालेल्या बोटीवर होता असं ऐकलं असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या साईटवर नाव फुकट शोधता येतं. गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी धोबीतलाव-माझगावकडचे कूड, म्हणजे गावाचे क्लब, आणि गावच्या इगर्जीतली (चर्चमधली) बाप्तिस्म्याची वही.

लिहायचं कसं

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक माणसाचं एक पान, वर नावाची सगळी रूपं आणि तिकीट नंबर, खाली सालवार काय काय कळलं, आणि प्रत्येक ओळीपुढे ते कशावरून कळलं, हंडा, आत्या, फेरफार नंबर अमुक. दोन कागद एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही लिहा, एक खोडू नका. जिवंत माणसांची माहिती, आधारचे फोटो, जमिनीचे वाद असलेले कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, भांडणं होतात. पूर्ण वहीच्या दोन झेरॉक्स काढा, एक मुंबईत, एक गावच्या घरी.

यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा भावकी एका जागी असेल. अर्धवट वंशावळ मोठ्या कार्डशीटवर काढून पडवीत लावा आणि बाजूला दोरीला पेन बांधून ठेवा. लोक येता-जाता नावं भरतात, चुकीची खोडतात, आणि दुपारी जेवणं झाल्यावर त्या कागदासमोर जे बोलणं सुरू होतं ते रेकॉर्ड करायला फोन चार्ज असू द्या.